साडेसहाशे मिलिमीटर पाणी

तंजावूरहून तिरुवैयारुला यायचं म्हणजे वाटेत पाच नद्या लागतात. वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि अगदी गावाच्या तोंडाशी कावेरी. अंतर सगळं मिळून तेरा किलोमीटर. नोकरीसाठी मी हा रस्ता रोज जातो-येतो, त्यामुळे पुण्या-सांगलीकडच्या नातेवाइकांत ‘दिवसाला दहा नद्या ओलांडणारा’ अशी माझी ख्याती आहे. पाचही नद्यांवर पूल आहेत हे मी त्यांच्यापासून लपवत नाही. फक्त ते सांगायच्या आधी गाडीचा फोटो दाखवतो.

गाडी थार आहे. तिच्या माहितीपत्रकात लिहिलंय की ती ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते. घेतली तेव्हा हा आकडा मी घरात इतक्या वेळा म्हणून दाखवला की तो आईला पाठ झाला. कावेरीच्या पुलावर आलो की ती खिडकीतून खाली बघते आणि विचारते, “आज किती रे?” उन्हाळ्यात नदीत बहुतेक वाळूच असते. मी सांगतो, “आज शून्य, आई.” “मग जाईल हो गाडी,” असं म्हणून ती निर्धास्त होते.

हा मुलूख ताटासारखा सपाट आहे. इथे चढ म्हणजे पुलाचा चढ आणि उतार म्हणजे त्याच पुलाची दुसरी बाजू. ज्याला उंची हवीच होती त्या राजराज चोळानं हजार वर्षांपूर्वी बृहदीश्वराचं देऊळ बांधून ती हौस भागवली. त्यानंतर कोणी त्या भानगडीत पडलं नाही. गाडीच्या पोटाखाली २२६ मिलिमीटर मोकळी जागा आहे. माझ्या रस्त्यावर तिला भेटणारा सगळ्यांत मोठा अडथळा म्हणजे कंडियूरच्या आसपासचे गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच असावा. आपल्याकडे गतिरोधक घालणारे नियम वाचून कामाला बसत नाहीत हे धरलं, तरी वर भरपूर जागा उरते.

मग अशी गाडी घेतलीच का? ह्याचं माझ्याकडे उत्तर नाही, वंशावळ आहे. आम्ही तंजावूरची मराठी माणसं. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावूर घेतलं, त्यांच्या मागोमाग जी कुटुंबं आली आणि इथलीच झाली त्यांच्यातली. आई सांगते, घराण्यात घोडा होता. माझा अंदाज असा की पूर्वज दफ्तरात मोडी खरडत असावेत आणि घोडा शेजाऱ्याचा असावा. पण कारकुनाच्या रक्तातसुद्धा टापांचा आवाज राहतोच. थार घेऊन दाराशी उभी केली त्या दिवशी आईनं तिला नारळ ओवाळला आणि म्हणाली, “आता घरात घोडा आला.” बायको म्हणाली, “अहो, पण मागं बसायचं कसं?” थारला दोनच दारं. मागच्या बाकावर जायला पुढची सीट पाडून अंग चोरून शिरावं लागतं. हा प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि कुठलंही किट लावून सुटणार नाही.

गाडी आली की तिच्यामागून यादी येते. माझी यादी पुण्याच्या मावसभावाकडून आली. तो सह्याद्रीतला गडी. ताम्हिणी, वरंधा, पावसाळ्यातले दगडधोंडे, निसरडा मुरूम हे त्याचं अंगण. शनिवारी चिखल माखून आला नाही तर त्याचा रविवार सुना जातो. त्यानं पाठवलेल्या यादीत पहिल्या क्रमांकावर लिफ्ट किट होतं, म्हणजे गाडी दीड-दोन इंच उचलायची. मग विंच, स्नॉर्केल, पोलादी बंपर, छतावरचा रॅक, रॅकवर तंबू, दिव्यांची पट्टी आणि बरंच काही. प्रत्येक वस्तूपुढे किंमत आणि एक वाक्य. विंचपुढे लिहिलं होतं, “दादा, हे नसेल तर एकटा जाऊ नकोस.” मी एकटा कुठे जातो? तंजावूरला, डबा घेऊन.

यादी मात्र मी रात्र-रात्र वाचली. सामानाच्या याद्या वाचण्यात सुख असतं. ह्या बाबतीत मी सरफोजीराजांचा माणूस आहे. दुसरे सरफोजी १७९८ मध्ये तंजावूरच्या गादीवर आले. लवकरच खरा राज्यकारभार इंग्रजांच्या कंपनीकडे गेला आणि राजांकडे वेळ, पैसा आणि कुतूहल एवढं उरलं. ही तिन्ही एका घरात आली की पार्सलं यायला लागतात. राजांनी युरोपातून हजारोंनी पुस्तकं मागवली, यंत्रं आणि उपकरणं गोळा केली, १८०५ मध्ये देवनागरी अक्षरांचा छापखाना काढला. १८२० मध्ये ते काशीयात्रेला निघाले तेव्हा बरोबर तीन हजारांच्या आसपास माणसं होती असं सांगतात. त्या निघण्याआधीची खलबतं ऐकायला मी काहीही देईन. तंबू आधी की मेणे आधी? वैद्य किती, आचारी किती? कोणी तरी एक कारभारी म्हणाला असेलच की महाराज, हे एवढं कशाला, वाटेत धर्मशाळा आहेत. आणि त्याचं कोणी ऐकलं नसेल.

त्याच काळात तेरा किलोमीटरवर, ह्या आमच्या गावात, त्यागराज राहत होते. १७६७ ते १८४७ एवढं आयुष्य, आणि उपजीविका उंछवृत्तीची. सकाळी भजन म्हणत गल्ल्यांतून फिरायचं, पदरात पडतील तेवढे तांदूळ घरी आणायचे. तंजावूरच्या दरबाराचं बोलावणं आणि देणगी त्यांनी नाकारली, ही कथा इथे लहान पोरालाही ठाऊक असते. तिरुवैयारुत राहणाऱ्या माणसाकडून त्यामुळे जराशी विरक्ती अपेक्षित असते. माझी अडचण अशी की मी पत्त्यानं त्यागराजांचा आणि स्वभावानं सरफोजींचा. संध्याकाळी समाधीपाशी जाऊन बसतो आणि खिशातल्या मोबाइलवर शॉक ॲब्सॉर्बरच्या किमती बघतो.

ह्या गोंधळातून जरा बाहेर पडलो ते एका पालखीमुळे.

आमच्या ऐयारप्पर देवळाचा एक जुना उत्सव आहे. आधी पंगुनी महिन्यात कोळ्ळिडम नदीपलीकडे तिरुमळपाडीला नंदीचं लग्न लागतं. मग चित्तिरै महिन्यात, म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हात, ऐयारप्पर त्या नव्या जोडप्याला घेऊन सात गावांचा फेरा करतात. तिरुवैयारुहून निघून तिरुप्पळनम, तिरुच्चोट्रुत्तुरै, तिरुवेदिकुडी, कंडियूर, तिरुप्पून्तुरुत्ती, तिल्लैस्थानम आणि परत तिरुवैयारु. प्रत्येक गावचा देव आपापल्या पालखीतून सामील होतो. वाट नदीच्या दोन्ही काठांनी जाते. वाटेत पात्रं आहेत, शेतं आहेत, कालव्याचे बांध आहेत. माझ्या मावसभावाच्या भाषेत सांगायचं तर हा आमच्या तालुक्यातला एकमेव नावाजलेला ऑफ-रोड ट्रॅक, आणि तो शतकानुशतकं एकाच प्रकारच्या वाहनानं पार केला जातो.

गाडी घेतल्यावरच्या पहिल्या चित्तिरैत मी त्या पालखीकडे प्रथमच गिऱ्हाइकाच्या नजरेनं पाहिलं. जमिनीपासून उंची: खांद्याएवढी. सस्पेन्शन: प्रत्येक पायाला स्वतंत्र, आणि शिवाय त्या सस्पेन्शनला डोळे. खड्डा आला की पुढचा ओरडतो, मागचा गुडघा वाकवतो, पालखीतल्या देवाला कळतही नाही. वजन अवाढव्य, पण ते वाहायला माणसं भरपूर. आणि अंगावर जादा सामान काय? खांद्यावर घडी घातलेलं कापड. बस्स. बाकी सगळी तयारी माणसांत: थकला की बदली करायला दुसरा भोई बाजूनं चालतोच आहे. जिथे पालखी अडते, तिथे काय लागतं हे त्यांना माहीत आहे, कारण ते दर वर्षी त्याच ठिकाणी अडतात.

मी कुठे अडतो, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला. यादीनं तो विचारलाच नव्हता. तिला सह्याद्रीत कुठे अडतं ते ठाऊक होतं.

त्याचं उत्तर पोंगलनंतरच्या दिवसांत मिळालं. त्या वेळी सांबा भाताची कापणी चालू असते. मेट्टूर धरणाचं पाणी रिवाजानं १२ जूनला सुटतं, ते कालव्याकालव्यांतून इथवर पोचतं, पुढे ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस झोडपतो, आणि जानेवारीत शेतं कापायला आली तरी बांधाच्या कडा आतून ओल्याच असतात. कालव्याच्या काठावरचा रस्ता, एका गाडीपुरता. अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलेलं. समोरून कापणीचं यंत्र आलं, रुंदीला रस्त्याएवढं. त्याला वाट द्यायला मी डावीकडे सरकलो आणि डावी दोन्ही चाकं कडेच्या काळ्या चिकणमातीत रुतली.

फोर बाय फोर लावलं, फोर-लो लावलं. चाकं फिरली, गाडी जागची हलली नाही. ही माती दगडासारखी प्रतिकार करत नाही, प्रेमानं धरून ठेवते. टायरच्या नक्षीतल्या फटी चिकणमातीनं भरल्या की टायर गुळगुळीत लाटणं होतो. मग चारही चाकांना ताकद पोचली तरी ती टेकवायची कशाला? तेवढ्यात शेजारून टीव्हीएस एक्सएल मोपेडवर एक आजोबा गेले, मागे त्यांच्या दुप्पट रुंदीचा गवताचा भारा. १९८० मध्ये आलेल्या टीव्हीएस ५० पासून ही जात ह्या बांधांवर राज्य करते आहे, आणि तिच्या पुढे-मागे सामान लावताना कोणी यादी केल्याचं ऐकिवात नाही. आजोबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. सहानुभूती होती, पण माफक.

पाच मिनिटांत ट्रॅक्टर आला. बोलवावा लागला नाही. ह्या भागात कुठलीही गाडी रुतली की ट्रॅक्टर उगवतो. चालकानं खाली उतरून एकच प्रश्न विचारला, “कयिरु इरुक्का?” दोर आहे का? त्याच्याकडे होता तो जुना तारेचा दोर, मधूनमधून तारा उसवलेला. ओढताना तुटला तर असा दोर पाय कापून नेतो. माझ्या डिकीत मावसभावानं भेट दिलेला लवचिक पट्टा होता. तो यादीत अकराव्या क्रमांकावर होता, आणि पुण्याहून कुरिअरनं आल्यावर बायकोनं कपडे वाळत घालायला मागितला होता. तो आम्ही चासीच्या हुकात अडकवला. बंपरला नाही, आणि ट्रेलर जोडायच्या गोळ्याला तर मुळीच नाही. ओढीच्या झटक्यानं तो गोळा उखडून तोफगोळ्यासारखा सुटल्याचे अपघात जगभर झाले आहेत. माणसांना लांब उभं केलं. ट्रॅक्टरनं एकदा श्वास घेतला आणि गाडी वर.

पैसे काढले तर त्यानं हात झटकला. गाडीभोवती एक फेरी मारून त्यानं खरा प्रश्न विचारला, “मायलेज किती देते?”

त्या दिवशी अकरावा क्रमांक पहिला झाला, आणि विंचचं काय करायचं तेही ठरलं. विंच म्हणजे गाडीच्या नाकावर बसवलेलं तीस-चाळीस किलोचं यंत्र, वजन कायम पुढच्या चाकांवर. ते ओढणार कशाला धरून? सह्याद्रीत झाड असतं, कातळ असतो. इथे चहूकडे भात. लांबवर नारळ आहेत; त्यांतला एखादा कोणाचा, मालक कुठे राहतो, दोर बांधायची परवानगी घ्यायची कोणाकडे, ह्याचा शोध लागेस्तोवर तीन ट्रॅक्टर येऊन गेलेले असतील. मावसभावाला हे फोनवर सांगितलं तेव्हा तो दुखावल्या आवाजात म्हणाला, “अरे पण दादा, ट्रॅक्टर म्हणजे काय रिकव्हरी आहे का?” मी म्हटलं, बाबा रे, पन्नास अश्वशक्तीची आहे, चालकासकट येते, आणि चहा घेऊन जाते.

पट्ट्याच्या खालोखाल टायर. इथे मात्र मी कंजुषी करायची नाही असं ठरवलं आहे, कारण गाडीतला रस्त्याला लागलेला भाग एवढाच. बाकी सगळी गाडी हवेत असते. गाडीबरोबर आलेले झिजत आले होते. मावसभावाचा कौल मड-टेरेन टायरला, मोठमोठ्या ठोकळ्यांच्या. चिखल झटकून टाकण्यात ते वाकबगार आहेत हे खरं. पण मी चिखलात जातो वर्षातून थोडा वेळ आणि डांबरावर असतो रोज. डांबरावर ते सतत घोंघावतात, ओल्या रस्त्यावर ब्रेक लावला की उशिरा थांबतात. तेव्हा ऑल-टेरेन, आणि माप कंपनीचंच. मोठ्या मापाचा मोह होता. टायरचा व्यास तीन टक्क्यांनी वाढला की काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८२ च्या पुढे असते, गिअर जड पडतात, ब्रेकला जास्त काम, डिझेलही जास्त. आणि मिळतं काय? पोटाखाली जेमतेम सेंटिमीटरभर.

टायर पाच घ्यायचे हे नक्की. चार नवे आणि स्टेपनी जुनी, असं करणारा माणूस पहिल्या पंक्चरला पस्तावतो. फोर बाय फोर गाडीत चारही चाकं एका व्यासाची नसली तर दातेरी चक्रं आतल्या आत भांडतात. शिवाय ह्या गावाला पाचाची सवय आहे. नद्या पाच, त्यागराजांची पंचरत्नं पाच. त्यांच्या पुण्यतिथीच्या आराधनेला शेकडो गायक समाधीपुढे बसून ती एका सुरात म्हणतात: नाट, गौळ, आरभी, वराळी, श्री. क्रम ठरलेला. वराळी आवडते म्हणून आधी वराळी घेऊ, असं तिथे कोणी म्हणत नाही. माझ्या यादीत मात्र मी अनेक महिने श्रीरागापासून सुरुवात करू पाहत होतो.

टायरमागोमाग येतो हवा भरायचा पंप. मऊ जमिनीवर टायरमधली हवा अठरा-वीस पीएसआयवर उतरवली की टायर बसकण मारतो, जमिनीला जास्त लांब टेकतो आणि रुततो कमी. ही युक्ती फुकटची आहे. पैसे लागतात ते नंतर, कारण तशाच हवेवर डांबरावर धावलात तर टायर तापून फुटेल. म्हणून बारा व्होल्टचा कंप्रेसर, थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा. ह्या वस्तूनं घरात जेवढी इज्जत कमावली तेवढी गाडीनंही नाही. गल्लीतल्या सायकली, दोन ऑटो, शेजारच्या पोराचा फुटबॉल, एका लग्नातले फुगे.

ही हवेची युक्ती करून बघायला कोळ्ळिडमच्या रुंद वाळूत जावं, असं मनात आलं होतं. पण आमच्याकडे नदीच्या वाळूत रात्री-अपरात्री जाणारी मोठी गाडी म्हटली की लोकांना एकच धंदा सुचतो, आणि तो वाळूचोरीचा. “फक्त टायर तपासत होतो साहेब,” हे वाक्य पोलिसाला पटेल असं मला वाटत नाही.

आता लिफ्ट किट. यादीतला पहिला नंबर. गाडी दोन इंच उचलायची, म्हणजे तिचा गुरुत्वमध्यही वर जातो. वळणावर ती जास्त कलते. चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचा कोन बिघडून सांधे लवकर झिजतात. हे सगळं मी पचवलं असतं. पण दिवेही दोन इंच वर जातात आणि त्यांचा झोत फिरवून खाली घेतला नाही तर तो समोरच्याच्या डोळ्यांत बसतो. कालव्याच्या काठच्या अरुंद रस्त्यावर रात्री सायकलवाल्याचे डोळे दिपवले तर तो दोनच ठिकाणी जाऊ शकतो, माझ्यावर किंवा पाण्यात. दिव्यांच्या पट्टीवरही मी ह्याच कारणानं फुली मारली. उजेड हवा असेल तर काच पुसावी. डेल्टातली किडामुंगी काचेवर आणि दिव्यांवर इतकी बसते की एका ओल्या फडक्यानं दिवा निम्म्या वयाचा होतो.

आणि आई. गाडी आहे त्या उंचीवरच तिला चढताना गुडघा आठवतो. गाडी वर उचलली की चढायला खाली पायरी लटकवावी लागेल, म्हणजे जी जागा पैसे देऊन मिळवली तीच पैसे देऊन भरून काढायची. शेवटी मी सुताराकडून फणसाच्या लाकडाचा एक बुटका चौरंग करून घेतला. दोन पायऱ्यांचा, वर दोरीचा कान. गाडी थांबली की मी उतरतो, तो ठेवतो, आई उतरते, मी तो उचलतो. तिच्या म्हणण्याप्रमाणे घोड्यावरून उतरताना पूर्वी असंच असायचं. हा बदल आरटीओला कळवावा लागत नाही.

ते कळवण्याचं प्रकरण मात्र मावसभावाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. पोलादी बुलबार हवाच असा त्याचा हट्ट. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना पत्र लिहून असे बार लावणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं आहे. कारण साधं आहे: धडकेत गाडीचं नाक चुरगळतं म्हणून आतला माणूस वाचतो, नाकावर लोखंड बसवलं की धक्का सरळ आत येतो, एअरबॅगच्या संवेदकांचा अंदाज चुकू शकतो, आणि समोर पायी जाणारा असेल तर त्याचं काय होतं ते बोलायला नको. पुढे जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ लावून सांगितलं की आरसी बुकातल्या नोंदी कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल गाडीत करता येणार नाही. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल तर अपघातानंतर तिला बरोबर आठवतो. मावसभाऊ म्हणतो, पुण्यात सगळे लावतात. पुण्यात सगळे काय काय करतात ह्याला मर्यादा नाही.

स्नॉर्केलचा निकाल कावेरीनंच लावला. स्नॉर्केल म्हणजे इंजिनाला हवा घ्यायची नळी छतापर्यंत न्यायची. ती लावली की गाडी पाणबुडी होते अशी समजूत आहे. खरं तर ती फक्त इंजिनाच्या नाकाची सोय करते. गिअरपेटीची, डिफरेन्शियलची श्वासनळी खालीच राहिली तर तापलेलं लोखंड गार पाण्यात शिरताना तीतून पाणी ओढून घेतं, आणि आतलं तेल ताकासारखं पांढरं होतं. म्हणजे आधी त्या स्वस्तातल्या बारक्या नळ्या वर न्यायच्या, मग मिरवायच्या नळीचं बघायचं. आणि ह्यातलं काहीही करायचं तर आधी पाणी हवं. साडेसहाशे मिलिमीटरची ती हमी मी अजून वापरलेली नाही. पावसाळ्यात एका गल्लीत पाणी साचलं होतं तेव्हा मी मोठ्या आशेनं गाडी काढली, घोट्याएवढं निघालं.

यादीत नसलेली एक वस्तू मी आपल्या मनानं घातली. १६ नोव्हेंबर २०१८ ला गाजा वादळ वेदारण्यमच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि पट्टुक्कोट्टैकडच्या नारळबागा आडव्या झाल्या. तिकडे आमचे नातेवाईक आहेत. तेव्हा माझ्याकडे छोटी गाडी होती, पण मोठी असती तरी फरक पडला नसता. रस्त्यावर पडलेल्या माडावरून कुठलीही गाडी जात नाही, कितीही उचला. लोकांनी करवती आणि कोयते घेऊन वाट मोकळी केली, तेव्हा कुठे दूध आणि पाणी आत गेलं. म्हणून डिकीत आता घडीची करवत आहे. कोयता जास्त कामाचा, पण तमिळनाडूत काळ्या थारच्या डिकीत कोयता सापडला तर पुढचं संभाषण लांबतं. आमचा सिनेमा तुम्ही पाहिला असेल.

म्हणजे हिशेब असा: पट्टा आहे, चौरंग आहे, पंप आहे, करवत आहे, टायर ठरले आहेत. छतावरचा तंबू मीच खोडला. तो बसवला तर आराधनेच्या गर्दीत पाहुण्यांचे तंबोरे आणि नातेवाइकांसाठीच्या अशोका हलव्याचे डबे कुठे ठेवायचे? मावसभावानं हे ऐकून बराच वेळ फोनवर काही उच्चारलं नाही. मग तो म्हणाला, “बरं दादा, निदान एक ऑनिंग तरी घे.” गाडीच्या बाजूला गुंडाळून बसणारी ताडपत्रीची छपरी, ओढली की सहा-सात फूट सावली. जंगलात गाडीशेजारी खुर्ची टाकून चहा प्यायला, असं त्यानं सांगितलं.

मी फोटो बघत बसलो होतो, तर ही मागून डोकावली. इतक्या महिन्यांत तिनं यादीतल्या एकाही वस्तूकडे बघितलं नव्हतं. ह्या फोटोकडे मात्र तिनं नीट पाहिलं. “अहो, ही कंडियूरच्या वळणावर लावता येईल का? चित्तिरैत पालख्या येतात तेव्हा?”

दर वर्षी ती आणि शेजारच्या बायका तिथे पालखीमागच्या लोकांना ताक वाटतात. नीरमोर: पातळ ताक, मीठ, आलं, कढीपत्ता, कोथिंबीर. एका झाडाची सावली होती, ते झाड आता नाही. गेल्या वर्षी डोक्यावर पदर घेऊन बायकांनी ते काम केलं.

मी मावसभावाला लगेच फोन केला आणि विचारलं, सावलीची लांबी किती, रुंदी किती, वाऱ्याला टिकते का, बसवायला वजन किती पडतं. त्याला गहिवरून आलं असावं. तो भराभर आकडे सांगू लागला आणि मी लिहून घेत होतो, तेवढ्यात ही स्वयंपाकघरातून म्हणाली, “त्यांना विचारा, खाली पन्नास लिटरचं पिंप ठेवून दोघींना उभं राहता येतं का. आणि रंग पांढरा मिळतो का.”

पांढरा मिळत नाही म्हणे. खाकी, नाही तर काळा.

“मग खाकी,” आई माजघरातून म्हणाली.